बाजूला काढलेलं

“ह्या पोरीला जगायचं न्हाई,” खुर्चीवर बसायच्या आधीच रुपाली म्हणाली. “जेवत न्हाई. रातचं झोपत न्हाई. दिवस मावळला की नदीच्या घाटावर. तिला वाचवा, म्याडम.”

पुणतांब्याहून ती लेकीला घेऊन राहात्याच्या दवाखान्यात आली होती. सृष्टी दहावीत होती; धाकटा भाऊ ओम त्याच शाळेत. दीपा तिथली समुपदेशक. तिने रुपालीला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. सृष्टीने दार लावू दिलं नाही. आई दिसेल अशी खुर्ची सरकवून ती बसली.

“जेवतेस?”

“हो.”

“झोप?”

“चांगली लागते.”

“जगणं नको वाटतं कधी?”

“नाही.”

उत्तरं पटापट आली. अशी पटापट उत्तरं देणाऱ्या मुलांची दीपाला भीती वाटायची. मरायचं मनाशी ठरवून टाकलेलं माणूसही असंच बोलतं. पोरीवर विश्वास ठेवून तिला घरी पाठवायची, आणि आईचंच खरं निघालं तर? बाहेर जाऊन तिने नगरच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“दीपा, सांगणारा माणूसही उत्तरात मिसळलेला असतो,” ते म्हणाले. “धाकटा भाऊ आहे ना? आईला त्याच्याबद्दल तेच प्रश्न विचार. तिथंही तेच सांगितलं, तर तेवढा भाग मुलांचा नाही, आईच्या नजरेचा. तो बाजूला काढ. उरेल ते मुलीचं. आणि तिसऱ्या कुणाला तरी विचार.”

दीपा रुपालीशेजारी बाकावर बसली. “ओम कसा आहे?”

“त्याचंबी तेच. तोंड उतरल्यालं. घास गिळत न्हाई. खेळतो, पन मन न्हाई त्याचं कशात.” रुपाली समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. “दोन्ही लेकरं हातची चालली माझ्या.”

शाळेतल्या बाईंनी फोनवर वेगळंच सांगितलं. “ओम? अहो, डबा संपवून दुसऱ्यांचा खातो. वर्गाला हसवून हसवून बेजार करतो. आणि सृष्टी जरा शांत आहे, पण अभ्यासात कुठं मागं नाही.”

दीपाने मोठा श्वास सोडला. तिने दोघींना समोर बसवलं.

“रुपालीताई, सृष्टीची काळजी करू नका. मला तरी तिच्यात तसं काही दिसत नाही.”

हे ऐकून आई मोकळी होईल, रडेल, निदान हसेल, असं दीपाला वाटलं होतं. रुपालीच्या तोंडावरची रेघही हलली नाही.

“मग ती घाटावर कशाला येती?” तिने विचारलं.

दीपाचा हात टेबलावर तसाच राहिला. जाती नाही. येती.

तिने सृष्टीकडे पाहिलं. सृष्टीने मान खाली घातली.

“मी आईला आणायला जाते,” ती म्हणाली. “ती पाण्याजवळ बसते. उठतच नाही. तिला म्हटलं दवाखान्यात चल, तर म्हणाली, मला काय धाड भरलीये. मग मी म्हटलं, मला घेऊन चल.”

बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता.

“बाबा?” दीपाने विचारलं.

“शिर्डीला हॉटेलात असतात. रात्रपाळी.”

दीपा उठली, टेबलाला वळसा घालून रुपालीच्या शेजारी येऊन बसली. तिचा हात हातात घेतला. हात गार होता.

“मॅडम,” सृष्टी म्हणाली, “तुम्ही आता आईजवळ बसणार ना?”

“हो.”

“उठून जाणार नाही ना?”

“नाही. आज मी आईला एकटं सोडणार नाही.”

सृष्टीने टेबलावर हात दुमडले, त्यावर डोकं टेकलं, आणि बघता बघता तिला गाढ झोप लागली. तोंड किंचित उघडं, खांदे सैल पडलेले.

“रुपालीताई,” दीपाने विचारलं, “जगणं नको वाटतं का तुम्हाला?”

रुपालीने पहिल्यांदा भिंतीवरून नजर काढली. तिने लेकीकडे पाहिलं.

“हळू इचारा,” ती म्हणाली. “ती उठंल.”