नजरेचा बंदोबस्त

"अकरा," आर्गिरिस म्हणाला आणि त्याने फोन टेबलावर पालथा घातला.

एकतिसावा व्हिडिओ, आणि बघणारे पुन्हा अकराच. व्हिडिओ व्हायरल कसा करावा हे शिकवणारी मिर्सिनी यानिना शहरातून मुद्दाम आली होती. तिने बोटांवर हिशेब मांडला. पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी फुटलं पाहिजे. फुटत होतं, आजवर साडेचार डझन बश्या गेल्या होत्या. मग धूर, मग अख्खं भाजलेलं कोकरू, मग मालकाचं, म्हणजे आर्गिरिसचं, हसू. मालक देखणा होता, कोकरू त्याहून देखणं.

"नियमात काही चुकत नाही," ती म्हणाली, "तरी काळं कुत्रं बघत नाही."

डोंगरातून बोगदा निघाल्यापासून घाट चढून त्याच्या खानावळीत कुणी येत नव्हतं. आर्गिरिसने मुदत ठरवली होती. संत दिमित्रियोसच्या सणापर्यंत गिऱ्हाईक आलं तर ठीक, नाहीतर कुलूप लावायचं आणि परदेशात श्टुटगार्ट गाठून मिळेल त्या हॉटेलात भांडी घासायची. त्याची आई पोलिक्सेनी इथेच राहणार होती, सात शेळ्यांबरोबर. सणाला अठरा दिवस उरले होते.

त्या दिवशी मिर्सिनी लगेच परतली नाही. बत्तिसावा व्हिडिओ चढवून होतो न होतो तोच पोलिक्सेनी पाण्याचं वाडगं घेऊन बाहेर आली. तिने पाण्यात तेलाचे तीन थेंब टाकले, काहीतरी पुटपुटली, एक लांबलचक जांभई दिली आणि मुलाच्या फोनवर तीनदा थुंकली. मग कमरेच्या फडक्याने फोन पुसून जागच्या जागी ठेवला.

"मावशी, हे काय?"

"दृष्टीचा बंदोबस्त. पोरगं गोरंगोमटं, आणि तुम्ही त्याला जगापुढे मांडून ठेवता. आता कुणाची नजर पडायची नाही त्याच्यावर."

"प्रत्येक व्हिडिओला करता?"

"मग? बत्तीसच्या बत्तीस. एक चुकवला नाही."

आर्गिरिसने विचारलं, "मग ते अकरा कसे सुटले?"

पोलिक्सेनी ओशाळली. "तेल विकतचं होतं."

आर्गिरिसला शंका आली नाही. तो याच गावात वाढला होता. मिर्सिनीने दोन पदव्या घेतल्या होत्या, पण गळ्यातला निळा मणी तिनेही काढला नव्हता.

"सोड ते, आई. आत्ताच्या आत्ता."

"बांधायचं मला येतं. सोडायचं तुझ्या बापाला यायचं. तो जत्रेत नाचला, अख्ख्या गावाने वाहवा केली, थुंकलं मात्र कुणी नाही. नवव्या दिवशी अक्रोडाच्या झाडावरून पडून गेला. आता सोडवायचं कुणाकडून?"

आर्गिरिस माळ्यावरून सुटकेस काढायला गेला. मिर्सिनी मात्र वाडग्याकडे बघत बसून राहिली. तिच्याकडे गिऱ्हाइकांची आणखी एक यादी होती. ज्यांचा व्हिडिओ व्हायरल झाला होता आणि काही केल्या मिटत नव्हता, अशांची. ही यादी व्हायरल व्हायला आलेल्यांच्या यादीपेक्षा लांब होती आणि तिच्यातली माणसं जास्त खाणारी होती.

"मावशी," तिने हळूच विचारलं, "परक्याचा व्हिडिओ चालेल?"

पहिला आला खालच्या शहराचा नगराध्यक्ष. कारंज्याचं उद्घाटन करताना त्याचा केसांचा टोप पाण्याच्या धारेवर चढून नाचत राहिला होता. चाळीस लाख लोकांनी ते पाहिलं होतं. पोलिक्सेनी थुंकली. संध्याकाळी आकडा खिळा ठोकल्यासारखा थांबला. रविवारी नगराध्यक्ष सहकुटुंब येऊन दोन कोकरं संपवून गेला.

मग लग्नात 'हो' म्हणायच्या आधी बेशुद्ध पडलेला नवरदेव आला. मग स्वतःच्याच प्रवचनात घोरणारा पाद्री. सगळे काळे चष्मे लावून भर दुपारी मागच्या दाराने येत. बेअब्रू टळलेला माणूस दुप्पट जेवतो, हे आर्गिरिसला तेव्हा कळलं. खानावळीचं नाव यांतलं कुणी बाहेर काढत नसे, कारण तिथे का गेला होतात, असं लोकांनी विचारलं असतं. मिर्सिनी यादीतून माणसं पाठवत राहिली.

संत दिमित्रियोसच्या दिवशी बसायला खुर्ची उरली नाही. आर्गिरिस दोन्ही हातांत ताटं घेऊन पळत होता. मिर्सिनीजवळ तो क्षणभर थांबला.

"बरं झालं, गेलो नाही. श्टुटगार्टच्या पाच हॉटेलांना पत्रं टाकली होती, फोटो जोडून. एकाचंही उत्तर नाही. खरकटी काढायलासुद्धा मी नको त्यांना."

पलीकडे पोलिक्सेनी कुणा मंत्र्याच्या फोनपुढे बसून थेंब मोजत होती. तिने मान वर केली नाही.

"उत्तर देतील कसं?" ती म्हणाली. "पत्रं त्यांच्या नजरेला पडली तर ना."