खिडकीतला तांब्या

शाळेच्या खिडक्यांना गोणपाटं लावून भरदुपारी भुताचा पिक्चर चालला होता. पडद्यावर आपलंच ओसाड गाव बघून लोक शिट्ट्या मारत होते. गेल्या गावपळणीला, देवाच्या हुकमाने सारं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहत होतं, तेव्हा समोरच्या टेकडीवरून हे चित्रण झालं होतं.

अचानक एका खिडकीच्या गजांतून सुकलेला हात बाहेर आला आणि रिकामा तांब्या गजांवर आपटू लागला. बायका किंचाळल्या. खिडकी शेवंतीच्या घराची होती.

त्या गावपळणीला अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आईला उचलून न्यायला शेवंतीचा नवरा तयार नव्हता. "तीनच दिसांचो प्रश्न," म्हणत त्याने तिच्या उशाशी भात आणि पाण्याचा तांब्या ठेवला, बाहेरून कडी घातली. म्हातारी वेशीबाहेरच्या झोपडीत पडद्याआड आजारी आहे, असं गावाला सांगितलं. लोकांदेखत शेवंती रोज पडद्याआड पेज न्यायची आणि स्वतःच प्यायची. देवाने परतायचा कौल दिला तो थेट सहाव्या दिवशी. घरात प्रेतच होतं.

"पयल्याच दिवशी गेली असतली," नवरा म्हणाला होता. त्याच आधारावर शेवंतीने वर्ष काढलं. पण पिक्चरवाले टेकडीवर आले होते पाचव्या दिवशी.

"परत लावा!" लोक ओरडले. हात पुन्हा बाहेर आला.

शेजारणीने शेवंतीला कोपराने ढोसलं. "तुमच्या खिडकेत भूत बरा बसवल्यानी! भितंस कित्याक गो? खोटा असता ता."