उघड्या तिसऱ्या

नागूबाईने तिसऱ्यांची टोपली पाणी गोडं करायच्या यंत्रघराच्या दारात उपडी केली. सगळे शिंपले उघडे होते.

"सुगंधा, तिसरी चुलीवर तोंड उघडते गो. या चिखलातच उघडल्यात."

सुगंधा तिची सून; यंत्र तीच चालवायची. यंत्रातले कार्बनचे काळे पडदे खाडीच्या पाण्यातलं मीठ धरून ठेवत. ते भरले की सुगंधा वीज उलटी फिरवून मीठ परत खाडीत सोडायची. अष्टमीच्या भांगाला, भरती-ओहोटी मंदावते तेव्हा, खाडी वाहत नाही, सोडलेलं जागीच साचतं, हे सासूनेच तिला शिकवलं होतं. तरी ती सोडत राहिली, कारण विहिरी खारट झाल्या होत्या आणि गाव तहानलेलं होतं.

"बंद करू, आई?"

नागूबाई मेलेल्या तिसऱ्यांकडे बघत राहिली. मग तिने कमरेवरची रिकामी कळशी यंत्राच्या नळाखाली धरली.