रुखवतातली सायकल

आसारामने विटेचा चुरा फडक्यावर घेतला तसं चांगुणाने नवऱ्याचं मनगटच धरलं. हँडलवर आधीच ओरखडे उठले होते. गंजाबरोबर वरचं चकाकतं निकेलही खरवडून निघालं, तर लेकीच्या रुखवतात काय लोखंड मांडायचं, असं तिने विचारलं. आसारामने फडकं खाली ठेवलं.

सायकल मागच्या पडवीत उलटी उभी होती. राहुरीच्या बाजारात भंगारवाल्याकडून घेऊन, बैलगाडीत कडब्याखाली दडवून त्याने ती घरी आणली होती. काळा रंग काय, घरीही मारता आला असता. पण हँडल, रिमा, घंटी, दिव्याची कड, जिथे जिथे म्हणून चमक हवी, तिथे तिथे गंजाची खरूज उठली होती.

कोल्हारच्या आप्पासाहेबांनी छबूला सून म्हणून पसंत केलं, तेव्हा हुंड्याचा शब्दसुद्धा काढला नव्हता. मोठ्या मनाचा माणूस! पोराला साखर कारखान्यात नोकरी लागलीय, जायला-यायला एक नवी सायकल तेवढी द्या, एवढंच म्हणाले. हुंडा न घेणाऱ्यांना सायकल बरोबर चालते. बाहत्तरच्या दुष्काळाने आसारामच्या शेतात काडी ठेवली नव्हती, पण तोंडातून हो निघून गेलं होतं. नवी घ्यायची ऐपत नव्हती आणि शब्द फिरवला तर सोयरीक मोडणार होती. त्यात आप्पासाहेब बैल घेताना दात बघून वर शेपटीचा गोंडाही तपासणारे. जुनी सायकल नवी म्हणून माथी मारली हे त्यांच्या ध्यानात आलं, तर वऱ्हाड मांडवातून माघारी जाईल, ही भीती चांगुणाला जेवू देत नव्हती.

चिंच लावून झाली, राख लावून झाली, रॉकेल झालं. गंज ढिम्म हलला नाही.

उपाय सापडला तो छबूला, आणि तोही चाळा करता करता. कुणा पाहुण्याने ओसरीत टाकलेल्या सिगारेटच्या पाकिटातली चांदी तिने चुरगाळली, वाटीतल्या पाण्यात बुडवली आणि उगाच घंटीवर घासली. काळं पाणी ओघळलं. तिने ते पुसलं आणि आईला हाक मारली.

चांगुणा पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि आली तशीच उभी राहिली. घंटीत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं, मागचं आढं दिसत होतं, दारातलं ऊन दिसत होतं. एवढा उजेड त्या गंजाखाली इतके दिवस निमूट बसून होता, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. तिने पिठाचे हात जोडले.

"द्येवाचं काम हाय ह्ये," ती हळू आवाजात म्हणाली.

मग चांदी गोळा करणं आलं. लग्नाच्या पोरीला पानाच्या टपरीवर कसं धाडायचं? म्हणून चांगुणाच जाऊन रिकामी पाकिटं मागू लागली. तिला या वयात सिगारेटीचा नाद लागला, असं गावाने ठरवूनही टाकलं. तिने कुणाचं तोंड धरलं नाही. अंघोळीला पाणी मिळायची मारामार होती, पण या कामाला वाटीभर पुरायचं. छबू चाकाची तार न् तार घासायची. रोज थोडी थोडी सायकल अंधारातून वर यायची. आसाराम रानातून आला की आधी तिच्यासमोर उकिडवा बसायचा, मग लेकीकडे बघायचा. ही आपल्याच घरात वाढली का, असं त्याच्या चेहऱ्यावर असायचं.

शेवटी तेलाचा हात फिरला आणि सायकल लखलखली. फक्त हँडलच्या बाकावर देवीच्या वणांसारखे बारीक खड्डे राहिले. चांगुणाने नेमकी तिथेच हळदीकुंकवाची बोटं ओढली. नव्या वाहनाला हळदकुंकू लावतातच, त्यात कुणाला काय वाटणार होतं?

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं. लाडू, शेवया, भांडी आणि मधोमध सायकल. वऱ्हाडातली माणसं तिच्याभोवती जमली. अक्षता पडायला अजून अवकाश होता. तेवढ्यात आप्पासाहेब आले. त्यांनी सीट दाबून पाहिलं, पायडल फिरवलं. मग ते हँडलपाशी वाकले, उपरण्याच्या टोकाने कुंकू पुसलं आणि खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

आसारामने फेटा काढून हातात घेतला, तो व्याह्यांच्या पायावर ठेवायच्या तयारीनेच.

आप्पासाहेबांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. ते गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"पाव्हणं, खरं सांगा. हिचा गंज कुनी काढला?"

नाही म्हणायचं तर खड्डे समोरच होते. चांगुणा पुढे झाली.

"माज्या लेकीनं. पर तिचा दोष न्हाई. नव्या सायकलीचा शबूद आमी दिला हुता, तवा काय बोलायचं ते आमाला बोला. पोरीला मांडवातून माघारी धाडू नका."

आप्पासाहेब घंटीत बघत राहिले. मग त्यांनी रिमेवरून, दिव्याच्या कडेवरून, एकेका तारेवरून हात फिरवला, आणि मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"मुहूर्त टळू दिऊ नका, इहीनबाई, माज्या सुनंला लवकर बोलवा," ते म्हणाले. "ह्यो गंज घासून घासून माजं हात थकलं, तवा कुटं ही सायकल मी राहुरीच्या भंगारवाल्याला दिऊन टाकली हुती."