कोस्मेचा पेला

“उद्यापासून पेला बंद!” शेरी वाइनच्या कोठारात पाऊल टाकताच मालकीणबाईंनी फर्मान सोडलं. “फुकट प्यायची आणि पोरं वाढवायची. दुसरं करतात काय हे?”

“बाई, माझ्या आजोबांपासूनची रीत आहे,” मुकादम एलादिओ म्हणाला. “गोड शेरीचा एक पेला त्यांचा. आणि पाहुण्यांना म्हातारा फार आवडतो.”

“आवडतो? बघूच. आज दुपारी पाहुणे यायचेत. त्यांच्यासमोर आला तर ठीक. नाहीतर बहिणीकडून मार्केसाला आणते पहाऱ्याला. ती कोणाला सोडत नाही.”

पिंपांच्या मागे उभ्या कोस्मेने शब्दन् शब्द ऐकला. बाईंच्या बहिणीच्या कोठारात राहायला गेलेले त्याचे मेहुणे मार्केसाच्या तावडीतून परतले नव्हते. घरात तो विषय कोणी काढत नसे.

“अहो, नका ना जाऊ,” बायको बेनिता म्हणाली. “दिवसाउजेडी, एवढ्या माणसांत!”

“माझे आजोबा राजासमोर प्यायले होते.”

“आणि तिथेच आडवे झाले.”

“ती राजाच्या भाषणाने लागलेली डुलकी होती.” कोस्मेने मिशा फुलवल्या. “या हेरेस गावात आपलं घराणं मालकांच्या आधीपासून आहे. शेरी कशी प्यावी, ते आपण शिकवायचं.”

दुपारी पाहुणे आले. एलादिओने पेला भरला, ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

कोस्मे गारव्यासाठी जमिनीवर पसरलेल्या ओल्या वाळूवरून संथ चालत आला. घाई नाही, इकडेतिकडे बघणं नाही. तेवढ्यात कोणीतरी सणसणीत शिंकलं. कोस्मेचे पाय आपोआप मागे वळू लागले. पण मागे बेनिता होती, पोरं होती, आणि उद्याची मार्केसा. तो छाती काढून पुढे झाला. आधी जाणकारासारखा वास घेतला. मग सावकाश प्यायला.

“काय रुबाब आहे मेल्याचा!” एक बाई कुजबुजली. टाळ्या पडल्या.

मालकीणबाईंनाही हसू आवरेना. “एलादिओ, पेला चालू राहू दे. मार्केसा बहिणीकडेच बरी.”

कोस्मे किंचित झुकला. खरं तर तोल गेला होता, पण पाहुण्यांना तो नमस्कार वाटला. मग त्याने मिशा पुसल्या, पेल्याला टेकवलेली वीतभर शिडी उतरला आणि शेपटी सावरत पिंपाखालच्या बिळात शिरला.