समोरासमोरची दोन दुकानं

"हाच बांधून द्यायला सांगू का?" सासऱ्यांनी विचारलं, आणि नकाशेवालीला धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना.

काचेच्या त्या दुकानात सगळं कसं झकास होतं. समोर नवाकोरा डेस्कटॉप उजळून बसला होता. विक्रेत्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांची अशी काही सरबत्ती केली की तिचं डोकं गरगरायला लागलं. गल्लीत तिला सगळे नकाशेवालीच म्हणत. घरांचे नकाशे काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भिंत कुठे हवी आणि खिडकी कुठे, हे तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण ज्या यंत्रावर ती हे सगळं काढायची, त्याच्या पोटात काय असतं हे तिला कधी कळलं नव्हतं.

जुना कम्प्युटर ऐन कामात बंद पडला होता. वॉरंटी होती, म्हणून रिक्षात घालून तो जिथून विकत घेतला त्या दुकानी नेला, तर तिथे चपलांचं दुकान. वॉरंटीचा कागद हातात आणि दुकानाचा पत्ता नाही. चपलावाल्याने मान हलवली आणि उगाच तिच्या पायांकडे बघितलं.

अडकलं होतं ते एका शाळेच्या इमारतीचं काम. नकाशाची प्रत तिने जपून ठेवली होती, पण ती उघडायची कशावर? स्वतःच्या नावावर मिळालेलं हे तिचं पहिलं मोठं काम. ऑफिस सोडताना साहेब हसून म्हणाले होते, "याल परत." घरातही सगळ्यांनी तोंडं वाकडी केली होती. एकटे सासरे काय ते म्हणाले, की कर घरून, पोरीला मी सांभाळतो. आता हे काम हातचं गेलं असतं तर साहेब खरे ठरलेच असते, पण सासरे खोटे पडले असते, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

म्हणून या खेपेला ताकही फुंकून प्यायचं ठरलं. नवरा म्हणाला, ऑनलाइन मागव, घरपोच येईल. नणंद म्हणाली, ओळखीच्याकडूनच घे. शेजारी म्हणाले, ओळखीच्याकडून चुकूनही घेऊ नका, भांडताही येत नाही. प्रत्येकाचं ऐकताना तिला पटायचं आणि दुसऱ्याचं ऐकलं की पहिलं चूक वाटायचं.

शेवटी सासऱ्यांनीच तोडगा काढला. आयुष्यभर त्यांनी बस चालवली होती. माणूस चढतो कसा यावरून काही कळत नाही, उतरतो कसा ते बघावं, असं ते म्हणायचे. बाजारात कम्प्युटरची दोन दुकानं समोरासमोर होती. आज सकाळीच दोघं तिथल्या बाकावर ठाण मांडून बसले. काचेच्या दुकानातून लोक नवीन खोकी घेऊन खुशीत बाहेर पडत होते. समोरच्या अंधाऱ्या, वायरींच्या जंजाळात बुडालेल्या दुकानात मात्र जो तो बिघडलेलं काहीतरी घेऊन शिरत होता. कुणी कम्प्युटरचा बंद पडलेला डबा, कुणी नुसताच स्क्रीन. एक गृहस्थ तर दारातूनच तावातावाने बोलायला लागले. सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. आणखी काय पुरावा पाहिजे?

इतकं असूनही आता, काचेच्या दुकानात, तिच्या तोंडून हो निघेना. जरा मोकळ्या हवेत जाऊन येते म्हणून ती बाहेर आली. मागोमाग सासरेही, कपाळाला आठ्या घालून.

समोरच्या दुकानापाशी एक बाई रिक्षातून उतरत होती. लेकरू कडेवर घ्यावं तसा तिने कम्प्युटरचा डबा कडेवर घेतला होता. नकाशेवालीला तिची दया आली. ती रस्ता ओलांडून गेली आणि डब्याला हात लावत तिने विचारलं, की कुठून घेतला होता.

"इथूनच," बाई म्हणाली. "पत्रिका छापायचं काम आहे माझं. दिवसभर चालू असतो बिचारा, कधीतरी रुसतोच."

"आणि तरी पुन्हा याच दुकानात?"

बाईला प्रश्नच कळला नाही. "अहो, इथे परत आणता येतो, म्हणून तर इथून घेतला."

नकाशेवालीने वळून सासऱ्यांकडे बघितलं. सासरे काचेच्या दुकानाकडे बघत होते. तिथून आतासुद्धा एकजण खोकं घेऊन हसत बाहेर पडत होता. सकाळपासून आत जाताना मात्र प्रत्येकाचे हात रिकामेच होते.

दोघं बाईच्या मागून आत शिरले. दुकानदार खाली मान घालून एक यंत्र उघडत होता. कुणी या म्हटलं नाही, बसायला जागाही नव्हती. मघाचे तावातावाने बोलणारे गृहस्थ कोपऱ्यातल्या खोक्यावर बसून आपलं यंत्र दुरुस्त होताना बघत होते. तिची पाळी आल्यावर दुकानदाराने एवढंच विचारलं, की काम काय करता. नकाशे, ती म्हणाली. मग त्याने काय लागेल ते सांगितलं, काय नको तेही सांगितलं. त्यातलं निम्मं तिला याही वेळी कळलं नाही.

"बिघडणार नाही ना हा?" तिने विचारलं.

"बिघडेल की," तो मान वर न करता म्हणाला. "बिघडला की घेऊन या."

इतक्या दिवसांत तिला पूर्ण समजलेलं हे एकच वाक्य होतं, आणि सासऱ्यांनी विचारायच्या आत ती म्हणाली, "बांधून द्या."