राखणदाराचं पाणी

सावनीने दाराच्या कडेला हात लावला, झटकन मागे घेतला आणि भोकाड पसरलं. सकाळपासून ही तिसरी खेप.

वेदिकाने तिला उचललं. बोटं पाहिली, तळवे पाहिले. काही चावलं नव्हतं, काही रुतलं नव्हतं. मग स्वतः दार चाचपलं, वर, खाली, बिजागरीपाशी. सावलीतला गार पत्रा, बाकी काही नाही. पावणेदोन वर्षांच्या पोरीला अजून सांगता कुठे येतं? ती नुसती दाराकडे बघून ओठ काढत होती.

हातखंब्याच्या पुढे उघड्या कातळाच्या सड्यावर हायवेच्या कामाची पत्र्याची केबिन होती, तेच ऑफिस. खांबावरून एक सिंगल फेज वायर आत घेतली होती. तिच्यावर एसी, दोन कॉम्प्युटर आणि पाण्याचा कूलर चालायचा. वेदिका तिथे कामाच्या मोजमापांच्या नोंदी ठेवायची. नवरा मुंबईला, सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून महिनाभर पोर सोबत. साइट इंजिनिअर गुरुप्रसाद सरांनी हरकत घेतली नव्हती. पण सळया, डंपर, खड्डे. तिचं लक्ष कॉम्प्युटरवर कमी आणि पायात बूट न ठेवणाऱ्या पोरीवर जास्त.

आणि रावजींवर.

रावजी साइटचे वायरमन. साठीला आलेले. रोज सकाळी ते केबिनच्या दाराशी यायचे, चपला बाजूला काढायचे. दाराशेजारी चार चिऱ्यांची चौकट होती, वर फरशीचं झाकण. ते उचलून आत बादलीभर पाणी ओतायचे, शनिवारी मूठभर मीठ. मग तसेच अनवाणी उभे राहून उलट्या बोटांनी दाराला हात लावायचे, क्षणभर थांबायचे, आत सावनीकडे बघून हसायचे आणि जायचे. साइटवरचे म्हणत, रावजी जागेच्या राखणदाराला पाणी घालतो, म्हणून आपल्याकडे अजून एक अपघात नाही. रावजींनी ते कधी खोडून काढलं नाही.

वेदिका बी.एस्सी. झालेली. राखणदार तिला पटत नव्हता, आणि ते हसणं तर मुळीच नाही. परक्या माणसाने रोज दारात थांबायचं, पोरीकडे बघायचं, कशासाठी? सोमवारी तिने सरांना सांगून टाकलं, त्या माणसाला दाराशी येऊ देऊ नका. सरांनी फार विचारलं नाही. रावजींची रवानगी खडीच्या क्रशरवर झाली.

आज शनिवार. माणूस गेला, तरी पोर दाराशी रडत होती. आता वेदिकाला वेगळीच शंका आली. आपण उशीर तर केला नाही? त्याने आधीच काही केलं असेल, म्हणून ही दाराला भिते?

अकराच्या सुमारास लाइट गेली. आत भट्टी झाली, तशी ती सावनीला घेऊन बाहेर आली. पोर खाली उतरली, बूट भिरकावले आणि सरळ दाराकडे गेली. दार धरलं. हलवलं. दोन्ही हातांनी पत्रा बडवत खदखदून हसली.

वेदिका बघत राहिली.

लाइट आली, एसीने घरघर केली. सावनी किंचाळली आणि हात छातीशी धरून मागे पडली.

वेदिकाने तिला लांब काजूच्या सावलीत नेऊन बसवलं आणि परत आली. तिची नजर आपल्या पायांतल्या रबरी चपलांवर गेली. तिने त्या काढल्या. जमिनीवर अनवाणी उभी राहिली आणि उलट्या बोटाने दाराला निसटता हात लावला.

झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या.

तिने मेन स्विच पाडला आणि रावजींना फोन केला.

ते क्रशरच्या डंपरमधून आले. इथून का हलवलं, हे त्यांनी विचारलं नाही. स्विच पाहिला, मग झाकण उचललं. आत अर्थिंगचा उभा लोखंडी नळा, भोवती कोळसा नि मीठ, सगळं कोरडं ठणठणीत. माती भाकरीसारखी तडकलेली. एसीची वायर कुठेतरी खाल्ली गेलीय, ते सांगू लागले. बदलायला सांगितली होती. तोवर पत्र्यात उतरलेला करंट या नळ्यातून जमिनीत जात होता. पण वैशाखात कातळ सुकला की तो करंट घेत नाही. त्याला ओल लागते.

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीत?" वेदिकाचा आवाज चढला.

"सरांना दोनदा सांगितलं. बघू म्हणाले. राखणदाराचं नाव झालं, तेव्हापासून निदान पाणी तरी कोणी अडवलं नाय."

तिने मान खाली घातली. त्यांच्या चपला दाराबाहेर होत्या, नेहमीच्या जागी. तिच्याही.

"आणि ते चपला काढून दाराला हात लावणं?"

रावजींनी काजूखाली माती उकरणाऱ्या सावनीकडे पाहिलं.

"पाणी मी वर्षभर घालतोय, बाय. चपला तुझी पोर यायला लागली तेव्हापासून काढतोय. ती अनवाणी असते ना. तिच्याआधी कोणीतरी हात लावून बघायला नको?"